पहिल्या संक्रांतीची काळी साडी: चंद्रकळा म्हणून काय विकलं जातं आणि त्यातलं काय घ्यावं

लग्नाच्या बस्त्यात काळ्या रंगाला थारा नसतो. शालू, पैठणी, हिरवी, पिवळी सगळं येतं, काळी मात्र आठवणीनं वगळली जाते. आणि लग्नानंतरची पहिली संक्रांत आली की तीच काळी साडी मानाची ठरते. तिळवणाला नव्या सुनेला चंद्रकळा नेसवायची, अंगभर हलव्याचे दागिने घालायचे, जावयाच्या गळ्यात हलव्याचा हार आणि हातात हलव्याचा नारळ. ऐन थंडीत ऊब धरून ठेवणारा रंग आणि त्यावर पांढरीशुभ्र साखर, असा हा साधा पण विचार करून जुळवलेला पोशाख आहे.

अडचण खरेदीत येते. डिसेंबर उजाडला की दुकानादुकानांत ‘चंद्रकळा पैठणी’च्या घड्या रचल्या जातात आणि त्या एका नावाखाली अडीच हजारांची पॉलिएस्टर साडीही असते आणि पन्नास हजारांची हातमागाचीही. या लेखात त्यातल्या मुख्य प्रकारांची पारख आहे, आणि साडीइतकीच हलव्याच्या सेटचीही, कारण ही दोन्ही एकमेकांना बघूनच घ्यावी लागतात. आमचं मत आधीच सांगून टाकतो: पहिल्या संक्रांतीला साडीचं अंग साधं हवं. गच्च बुट्ट्यांची, अंगभर ब्रोकेडची काळी साडी हलव्याला मारून टाकते. पैसे घालायचेच असतील तर ते पदरात आणि काठात घालावेत.

आधी काळा रंग बघा

काळ्या साडीत सगळ्यात जास्त फसगत रंगातच होते. दुकानाच्या पिवळट दिव्याखाली प्रत्येक काळा सारखाच दिसतो. उन्हात नेला की एक निळसर निघतो, एक तपकिरी, एक हिरवट. तपकिरी झाक असलेला काळा नवीन असतानाही जुना वाटतो आणि पांढऱ्या हलव्याशेजारी तर फारच मळका दिसतो. निळसर काळा त्या मानानं चांगला, कारण त्यावर पांढरं आणखी उठून दिसतं. साडी दाराशी नेऊन बघायला मागा. जो दुकानदार नको म्हणतो त्याच्याकडे काळी साडी घेऊ नये.

दुसरी गोष्ट रंगाच्या पक्केपणाची. कोणत्याही गडद रंगाला डाय जास्त लागतो आणि काळ्याला सगळ्यात जास्त. रंगवल्यावर सूत नीट धुतलं गेलं नाही तर जास्तीचा रंग धाग्यावर नुसता बसून राहतो. पांढरा सुती रुमाल ओला करून पिळा आणि साडीच्या आतल्या घडीवर दहा-पंधरा वेळा घासा. रुमालावर हलकी राखाडी छटा आली तर चालेल. ठळक काळा पट्टा उमटला तर साडी सोडा. अशी साडी काखेत घामानं ब्लाउजला रंग देते, कमरेला परकराला देते, आणि काठ लाल असेल तर पहिल्याच ओलसरपणात तो मळकट करून ठेवते. लाल रंग काळ्यावर उतरला तरी दिसत नाही, काळा लालवर उतरला की काठ गेलाच. म्हणून घासून बघायचं ते काठाजवळच्या काळ्या भागात.

हातमागाची येवला पैठणी

ऐपत असेल तर हीच. येवल्याच्या आणि पैठणच्या हातमागावर काळ्या अंगाच्या पैठण्या विणल्या जातात, नारळी काठ, पदरावर मोर, मुनिया, कमळ किंवा आसावली वेल. पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण पाटीवर ‘पैठणी’ लिहिणं त्यामुळे थांबलेलं नाही, त्यामुळे पारख आपणच करायची.

पदर उलटा करा. खऱ्या पैठणीचा पदर हा विणकाम आणि चित्रकाम एकत्रच असतो. प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या काडीवर असतो आणि जिथे मोराची मान संपते तिथून तो मागे फिरतो, शेजारच्या जरीच्या धाग्यात अडकून. म्हणून पदराची मागची बाजू पुढच्यासारखीच दिसते, मागे लोंबणारे धागे नसतात. मोराच्या कडा थोड्या पायरीपायरीच्या दिसतात आणि दोन मोर तंतोतंत सारखे नसतात. यंत्रमागावरच्या पदरात मागे आडव्या धाग्यांचं रान असतं, किंवा ते कापून काढलेले असतात आणि बोटाला त्यांची टोकं टोचतात. मात्र काठाच्या किंवा बुट्ट्यांच्या मागे धागे दिसले म्हणून लगेच साडी खोटी ठरवू नका. हातमागावरही काठासाठी जकार्ड (नक्षीसाठी धागे उचलणारी जोडणी) लावतात. कसोटी पदराची.

लेबलांबद्दल एक मोठा गैरसमज आहे. सिल्क मार्कचा टॅग फक्त एवढंच सांगतो की धागा शुद्ध रेशमाचा आहे. साडी हातमागावर विणली का, हे तो सांगत नाही. यंत्रमागावरच्या शुद्ध रेशमी साडीलाही सिल्क मार्क मिळतो, आणि त्यात काही चूक नाही. हातमागासाठी हॅन्डलूम मार्क वेगळा आहे. ‘सिल्क मार्क आहे म्हणजे हातमाग’ असं विक्रेता म्हणाला तर एकतर त्याला माहिती नाही किंवा तो आपल्याला माहिती नाही असं धरून चाललाय.

किंमत साध्या अंगाच्या आणि लहान पदराच्या साडीला साधारण बारा-पंधरा हजारांपासून सुरू होते आणि पदराचं काम वाढेल तशी वर जाते. मोठ्या कामाची पैठणी मागावरून उतरायला महिने लागतात. म्हणून हव्या त्या काठाची काळी हवी असेल तर दसऱ्याच्या सुमाराला ऑर्डर द्यावी. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जे मिळतं ते उरलेलं असतं.

काळ्यात काठ कोणता, याला आमचं उत्तर लाल किंवा राणी, आणि तोही कडियाल. कडियालमध्ये काठाचा ताणा (उभे धागे) आणि बाणा (आडवे धागे) दोन्ही काठाच्याच रंगाचे असतात, त्यामुळे लाल काठ खरोखर लाल दिसतो. साध्या विणीत काळ्या बाण्याची सावली काठावर येते आणि लाल वाइन रंगाकडे झुकतो. फोटोत तर तो काळाच वाटतो.

सेमी पैठणी आणि ‘सिल्क’ नावाचं बाकीचं

दोन ते पाच हजारांत मिळणाऱ्या बहुतेक चंद्रकळा या गटातल्या. आर्ट सिल्क, म्हणजे बहुधा पॉलिएस्टर किंवा व्हिस्कोस. त्या वाईट असतात असं नाही. रंग एकसारखा काळा आणि पक्का असतो, सुरकुत्या कमी पडतात, आणि एका संक्रांतीपुरती, हळदीकुंकवापुरती साडी हवी असेल तर हा व्यवहार ठीक आहे. फक्त शुद्ध रेशमाच्या भावात घेऊ नका. शंका असेल तर पदराच्या दशीतला एक धागा काढून जाळा. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटानं चुरली जाते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

या साड्यांची खरी उणीव हलव्याशी गाठ पडली की कळते. हलव्याच्या दाण्याला काटे असतात, आणि ते चांगलेच खरखरीत असतात. साडीवर जर किंवा रंगीत धागा लांब उड्या घेत विणलेला असेल तर तो धागा काट्यात अडकतो आणि ओढला जातो. दिवसाअखेरीस हाराखाली पदरावर ओढलेल्या धाग्यांची फुलं दिसतात. म्हणून दुकानात नख हलकेच पदरावरून फिरवून बघा. नख अडकलं तर काटाही अडकणार. टिश्यू आणि नेटच्या काळ्या साड्या तर हलव्याबरोबर नकोतच.

सेमीचा दुसरा उपयोग शिवलेल्या नऊवारीसाठी. हातमागाची पैठणी कापून रेडी नऊवारी शिवून घेणं हा आमच्या मते गुन्हा आहे. एकदा कातर लागली की ती पुन्हा सहावारी होत नाही, कुणाला देता येत नाही. शिवायचीच असेल तर सेमीची शिवा.

इरकल आणि सुती चंद्रकळा

यांच्याकडे नवऱ्या मुलींचं लक्षच जात नाही, आणि ते फार चुकतंय. कर्नाटकातल्या इलकलची काळी इरकल, लाल टोपपदराची, पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात पिढ्यानपिढ्या नेसली गेली आहे. तिचं अंग साधं, बारीक चौकडीचं किंवा सपाट काळं. पदर लाल, त्यावर पांढऱ्या टोकदार रांगा. अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा फासे घालून जोडलेला असतो, ती जोडाची रेघ मागून हाताला लागते. हलव्यासाठी याहून चांगली जमीन नाही. काळं अंग शांत असतं, लाल पदर खांद्यावर येतो आणि हाराचा पांढरा रंग दोन्हीवर उठतो. शुद्ध रेशमात ती महाग पडते, पण सुती-रेशमी किंवा सुती अंगाची सेमी पैठणीच्या भावात मिळते आणि तिच्यापेक्षा कितीतरी वर्षं टिकते. वर गुळेदगुड्डचा खण, हिरवा किंवा डाळिंबी. ब्लाउजचा प्रश्न तिथेच मिटला.

सुती काळी साडी घेताना एकच बघा, ती उजेडासमोर धरून किती आरपार दिसते. पातळ असेल तर आतला परकर काळाच हवा. दुसऱ्या रंगाचा परकर चालताना उन्हात दिसतो. खडीच्या, म्हणजे सोनेरी छापाच्या चंद्रकळा अजून काही ठिकाणी मिळतात. दिसतात देखण्या, पण छाप घडीवर तडकतो. त्या गुंडाळूनच ठेवाव्या लागतात.

ब्लाउज, फॉल, परकर

काळ्यावर काळा ब्लाउज आजकाल फार शिवला जातो. समोर बघायला छान, फोटोत मात्र खांदा, पदर आणि दंड एकच काळा ठोकळा होतो. काठाच्या रंगाचा ब्लाउज घ्यावा, किंवा काळाच हवा असेल तर बाहीला काठ लावून. साडीबरोबर येणारा तुकडा साधारण 80 सेंटिमीटरचा असतो. दोन्ही बाजूंना काठ असेल तर त्यात कोपरापर्यंतची बाही बसते, एकाच बाजूला असेल तर बाही आखूड होते. शिंपी काठ जोडून बाही पुरी करतो, पण मोराच्या काठात तो जोड लपत नाही.

हलव्याचे बाजूबंद घालणार असाल तर बाही कोपराच्या वर दोन-तीन इंच थांबवा आणि बाजूबंद बाहीच्या कापडावर बांधा, उघड्या दंडावर नाही. घामानं हलवा आधी तिथेच विरघळतो. गळा थोडा मोठा आणि साधा ठेवा. गळ्यावर जरदोसी, मणी, टिकल्या लावल्या तर चिंचपेटीला आणि ठुशीला बसायला जागाच राहत नाही.

फॉल सुती असेल तर लावण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच लावायला द्या. नाहीतर पुढे फॉल आटतो आणि काठ चुण्या पडून वर खेचला जातो. काळ्या साडीत ते लगेच नजरेत भरतं, कारण काठाची सोनेरी रेघ वाकडी होते. परकर सुती. सॅटिनच्या परकरावर रेशमी निऱ्या सरकतात आणि दर तासाला खोचाव्या लागतात.

निऱ्या पाच इंची, सहा ते सात. खांद्यावर पदराच्या चार-पाच चुण्या काठाच्याच रुंदीच्या घेतल्या की सगळ्यात वर पूर्ण काठ दिसतो. पिन लावताना पिनेत आधी एक छोटा मणी ओवा, म्हणजे पिनेच्या गोलाकार टोकात रेशीम अडकून फाटत नाही. पदर मोकळा सोडायचा असेल तर लांब हार नको. दोन्ही एकाच जागेसाठी भांडतात आणि काट्यांमुळे पदराचंच नुकसान होतं. नऊवारीत हा प्रश्न कमी येतो, पदर कमरेला खोचला जातो आणि त्यावर हलव्याचा कंबरपट्टा नीट बसतो.

हलव्याचा सेट

चांगला काटेरी हलवा बनवणं हे सोशिक हाताचं काम आहे. मंद आचेवरच्या परातीत तीळ, खसखस किंवा साबुदाणा घेऊन त्यावर चमचा चमचा साखरेचा पाक सोडायचा आणि बोटांनी सतत हलवत राहायचं. थर वाळल्याशिवाय पुढचा पाक नाही. घाई केली की दाणा गुळगुळीत गोळा होतो, हवा दमट असली तरी काटा येत नाही. म्हणून सेट घेताना आधी दाण्याकडे बघा. काटा सगळीकडून सारखा, दाणा पांढरा आणि कोरडा, बोटात धरला तर चिकटत नाही. नाजूक दागिन्यांना खसखशीचा हलवा, हाराला तिळाचा किंवा साबुदाण्याचा. रंगीत हलवा, गुलाबी आणि केशरी, काळ्यावर गोड दिसतो खरा, पण ओल लागली की त्याचा रंग कातडीवर आणि ब्लाउजवर उतरतो. पांढराच घ्या, फार तर केशरी दाण्याची एखादी पेंड चालेल.

दाण्याला भोक पाडता येत नाही. तो दोऱ्याच्या फासात गुंफतात किंवा सोनेरी पट्टीवर गोंदानं चिकटवतात. गुंफलेला सेट महाग, पण अंगावर वळतो आणि फोटोत खरा दागिना वाटतो. चिकटवलेला ताठ राहतो, बसताना कंबरपट्ट्याचे दाणे टपटप पडतात, आणि गोंदामुळे नंतर तो हलवा खाता येत नाही. काही सेटांत निम्म्याहून जास्त प्लॅस्टिकचे मोती असतात आणि हलवा नावापुरता. त्यावर साखरेच्या सेटची किंमत देऊ नका. मागे सॅटिनची किंवा जाड कापडाची पट्टी आहे का, हे जरूर विचारा. तीच हलवा आणि कातडी यांच्यात राहते, तीच साडीही वाचवते.

सेटमध्ये बारा-पंधरा नग असतात, सगळे घालायलाच हवेत असं नाही. बिंदी किंवा मुकुट, कानातले, गळ्यालगतचा एक, लांब एक, बांगड्या, बाजूबंद, कंबरपट्टा, एवढं पुरे. पैंजण आणि जोडवी चालताना तुटतात आणि पायाखाली साखर होते. नथ आणि मंगळसूत्र खरं ठेवा. त्याच्या जोडीला सोन्याचा साज किंवा लक्ष्मीहार घातला की हलवा फिका पडतो.

पावडर, अत्तर, हेअर स्प्रे सगळं आधी उरका, वाळू द्या आणि दागिने सगळ्यात शेवटी घाला. तोवर सेट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, सोबत तांदळाची छोटी पुरचुंडी. फ्रिजमध्ये कधीच नाही, बाहेर काढल्याबरोबर त्यावर पाणी धरतं. अमेरिका-युरोपातल्या महाराष्ट्र मंडळांच्या कार्यक्रमांना हेच होतं: गारठ्यातून गरम हॉलमध्ये आल्या आल्या डबा उघडला तर हलवा ओलावतो. अर्धा तास डबा बंदच राहू द्या. मुंबई, कोकण, गोव्यात संध्याकाळची हवा दमट असते, तिथे फोटो दुपारीच काढून घ्यावेत.

फोटोबद्दल आणखी एक. चौकटीत काळं जास्त असलं की कॅमेरा आपोआप उजेड वाढवतो, मग साडी राखाडी दिसते आणि हलवा पांढरा डाग होऊन त्याचे काटे नाहीसे होतात. एक्स्पोजर थोडं खाली घ्यायला सांगा. मोबाइलवर हलव्यावर बोट ठेवून उजेडाची पट्टी खाली ओढली तरी काम होतं. मागे झेंडूच्या माळा किंवा फिकट भिंत असावी, गडद पडदा नको.

नेसून झाल्यावर

साखरेचा डाग लागतो तेव्हा दिसत नाही, आणि खरा धोका तोच आहे. विरघळलेला हलवा काळ्या रेशमावर वाळतो, थोडासा कडक पापुद्रा राहतो, आणि पुढे इस्त्रीची उष्णता लागली की साखर जळून तपकिरी होते. काळ्या अंगावर तो भाग चकाकतो, जरीवर आणि लाल काठावर कायमचा डाग पडतो. ड्रायक्लीनिंगच्या द्रवात साखर विरघळत नाही, ती पाण्यातच विरघळते. त्यामुळे नुसतं ‘ड्रायक्लीन करा’ म्हणून साडी टाकली तर डाग तसाच परत येतो आणि वर इस्त्रीही झालेली असते. गळा, खांदा आणि कमरेच्या जागी दोऱ्याचे टाके घालून खुणा करा आणि ‘इथे साखर आहे’ असं सांगून द्या, म्हणजे ते आधी पाण्याने ती जागा साफ करतील.

देण्याआधी साडी झटका, रात्रभर सावलीत पसरून ठेवा. साखरेचा कण राहिला तर मुंग्या आणि कसर दोन्ही येतात. परत आल्यावर पांढऱ्या मलमलीत गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आणि डांबराची गोळी जरीला लागू देऊ नका. फिकट साड्यांच्या गठ्ठ्यात काळी ठेवायची असेल तर मध्ये कापड असायलाच हवं. तीन-चार महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या जागी घाला. काळ्या रेशमावर घडीची रेघ आधी पांढुरकी होते आणि नंतर धागा तिथेच तुटतो.